टॉवेलला फेस येतो का, बघा

नमस्कार श्रोतेहो.

माझे सासरे 82 वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी अंघोळीनंतर त्यांच्या दंडावर लाल ओरखडे दिसायला लागले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "अंग कशानं पुसता?" आमचा टॉवेल वाळला की पापडासारखा कडक व्हायचा. म्हातारपणी कातडी पातळ होते, तिला तो घासणीसारखाच लागत होता. नवा टॉवेल आणला, पण चार-पाच महिन्यांत त्याचीही तीच गत. तेव्हा वाटलं, दोष टॉवेलचा नसावा, आपल्या धुण्याचा असावा.

टॉवेल जवळून बघा. त्याच्या अंगावर दोऱ्याचे बारीक बारीक वेढे उभे असतात. साध्या पंच्यात ते नसतात. पाणी मुख्यतः हे वेढेच शोषून घेतात. ते मोकळे उभे राहिले तर टॉवेल मऊ, आणि आडवे पडून एकमेकांना चिकटले तर खरखरीत. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या वेढ्यांना मोकळं ठेवण्यासाठीच आहे.

त्यांना चिकटवतं काय? एक तर पाण्यातले क्षार, आणि दुसरी आपण टाकलेली धुण्याची पावडर. मुंबईत महापालिकेच्या नळाला येणारं पाणी भातसा, तानसा, मोडकसागर, विहार अशा सात तलावांचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी. बोअरच्या पाण्याच्या मानानं ते हलकं असतं आणि हलक्या पाण्याला पावडर थोडी लागते. माझी आई मराठवाड्यातली. तिच्या हाताला विहिरीच्या जड पाण्याची सवय, त्यामुळे मूठभर पावडर घातल्याशिवाय कपडे निघतात असं तिला वाटायचंच नाही. तोच हात मी इथे चालवत होते. जास्तीची पावडर एका खळबळण्यात निघत नाही, ती वेढ्यांच्या बुडाशी साठत जाते.

खात्री करायची असेल तर आज घरी एक करून बघा. धुतलेला, वाळलेला टॉवेल बादलीभर कोमट पाण्यात बुडवा, पावडर अजिबात न घालता, आणि हातानं चांगला चोळा. पाणी गढूळ झालं, वर फेस आला, तर तो जुन्या पावडरीचा. आमच्या बादलीत चांगलाच फेस आला होता.

असे टॉवेल एकदा नुसत्या गरम पाण्यात धुवा. मशीन असेल तर अर्धीच भरा, कारण टॉवेल पाणी पितात आणि गच्च भरलेल्या मशीनमध्ये त्यांना फिरायला जागा उरत नाही. शेवटच्या खळबळण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. ते क्षार सोडवतं, आणि त्याचा वास वाळताना उडून जातो. हे दर धुण्याला करू नका, मशीनचं रबर खराब होऊ शकतं. महिन्यातून एकदा पुरे. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर मात्र क्षार जास्त असतात, तिथे महिन्यातून दोनदा करावं लागेल. आणि हे नीट ऐका: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तर तो फारच घातक.

यानंतर पावडर निम्मी करा आणि एकदा जास्त खळबळा. पाण्याची टंचाई असताना हे सांगायला जड जातं, पण पावडर कमी केली की खळबळायला पाणीही कमीच लागतं.

कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण टॉवेलला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हाताला मऊ लागतं खरं, पण धाग्यावर त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. मग अंग कोरडं करायला जास्त घासावं लागतं, म्हणजे सासऱ्यांसारख्या माणसाला पुन्हा तोच त्रास.

आता वाळवणं. निम्मं काम इथेच आहे. टॉवेल हलला नाही तर वाळता वाळता धाग्यांमध्ये राहिलेलं अगदी थोडं पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं. म्हणून पिळून काढला की दोन टोकं धरून आठ-दहा वेळा जोरात झटका. अर्धवट वाळला की पुन्हा झटका आणि बाजू बदला. दुपारच्या कडक उन्हात दिवसभर ठेवू नका, वाळला की काढा. इस्त्री तर नकोच, तिनं वेढे चपटे होतात.

पावसाळ्यात आपण सगळे छताच्या दांड्यांवर कपडे टांगतो. तिथे टॉवेल दुहेरी घालू नका, एकेरी पसरा आणि खाली पंखा लावा. हलती हवा त्याला ओलसर राहू देत नाही, कुबट वासही येत नाही.

सासऱ्यांचा टॉवेल मी आता संध्याकाळी स्वतः काढते. काढताना एकदा गालाला लावून बघते, आणि मगच घडी घालते.