रेतीच्या पोटात

(दृश्य: नदीकाठ, मग चाळणी)

कन्हानची रेती. नागपुरातली कितीतरी घरं हिच्या जोरावर उभी राहिली. इथं ती प्रयोगशाळेत आली आहे. चाळून, वाळवून, ६० मिलिमीटरच्या चौकोनी पेटीत ठासून भरलेली.

(दृश्य: शिअर बॉक्स, जवळून)

ही शिअर बॉक्स, रेती किती जोर लावल्यावर सरकते ते मोजणारी पेटी. तिचे दोन भाग. वरून वजन दिलंय, खालचा भाग हळूहळू सरकतोय. या उभ्या डायलकडे नीट बघा. डोक्यावर एवढं वजन असूनही रेती वर उचलली जातेय. गच्च बसलेल्या कणाला शेजाऱ्याच्या पलीकडे जायचं तर आधी त्याच्यावर चढावं लागतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली हेच दाखवलं होतं. प्रतिकार वाढतो, शिखर गाठतो आणि उतरतो. रेती सरकली.

विद्यार्थी आलेख काढतात, घर्षणकोन, म्हणजे रेतीच्या अंतर्गत घर्षणाचं माप, लिहितात, तास संपतो. पेटीच्या पोटात काय झालं, ते त्यांना कुणी दाखवत नाही. दाखवायलाच हवं.

(दृश्य: अंधारात उजळणाऱ्या चकत्या)

रेतीच्या कणांच्या जागी या पारदर्शक चकत्या, ध्रुवीकृत प्रकाशात, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात. जिच्यावर ताण येतो, ती चकती उजळते. वरून दाब दिला, आणि काही लखलखल्या. लगतच्या मात्र काळोख्याच राहिल्या! भार सगळ्यांत सारखा वाटला जात नाही. मोजक्या कणांच्या साखळ्या तो पेलतात. साखळी वाकली की भार दुसरी वाट शोधतो. वाट मिळाली नाही, की तिथं रेती हार मानते.

(दृश्य: संगणकाचा पडदा)

१९७९ साली पीटर कंडॉल आणि ओटो स्ट्रॅक या अभियंत्यांनी प्रत्येक कणाचा वेगळा हिशेब ठेवायची पद्धत मांडली. पडद्यावरचा एकेक गोळा म्हणजे एकेक कण. दोन गोळे टेकून किंचित एकमेकांत शिरले, की त्यावरून बल काढायचं. घर्षणाची मर्यादा ओलांडली, तर घसरू द्यायचं. मग न्यूटनचा दुसरा नियम: बलावरून त्वरण, त्यावरून वेग, वेगावरून नवी जागा. आणि पुन्हा पहिल्यापासून, सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाहूनही लहान पावलांनी. रेती कधी सरकेल, हे संगणकाला कुणी सांगितलेलं नाही. ते या रेटारेटीतूनच ठरतं.

गुळगुळीत गोळे खऱ्या रेतीपेक्षा सहज गडगडतात, म्हणून कणांना कोपरे द्यावे लागतात. विदर्भाची काळी माती तर फारच अवघड. तिचे पापुद्रे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचे, आणि पाणी लागलं की फुगायचे.

(दृश्य: उमरेड, खाणीचा परिसर)

कोळशासाठी उपसलेल्या मातीचे हे डोंगर पावसाळ्यात कुठून घसरतील, याचा अंदाज बांधायलाही हेच गणित कामी येतं.