बी धरलेला घास

(दृश्य : सिन्नर तालुक्यातलं एक शिवार, मार्चची सकाळ. विहिरीजवळ नुकतेच कापलेले घासाचे वाफे. शेजारी न कापलेला, जांभळ्या फुलांनी भरलेला एक पट्टा.)

सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरी. ज्याच्या गोठ्यात चार दुभती जनावरं आहेत, त्याच्या विहिरीजवळ घासाचे दोन-चार वाफे सापडतातच. लसूणघास म्हणा, मेथीघास म्हणा. पुस्तकात त्याला लुसर्न किंवा अल्फाल्फा म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा, ५५ ते ६० दिवसांनी पहिली कापणी, आणि मग दर २५-३० दिवसांनी पुन्हा विळा. दूधवाल्याला पाला हवा, शेळीवाल्याला पाला हवा, पेंढ्या बांधून शहरात विकणाऱ्यालाही पालाच हवा.

बी मात्र कुणालाच धरायचं नसतं. तरी दर हंगामाला ते दुकानात हजर असतं. पोत्याचं तोंड उघडं, किलोवर मोजून मिळतं. वाण कोणता, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘‘गुजरातचं आहे, चांगलं उगवतं.’’ उगवतंही. पण कापण्या किती मिळणार, दुसऱ्या वर्षी वाफा टिकणार का, मधे अमरवेल निघणार का, याची हमी त्या पोत्यावर कुठेच लिहिलेली नसते. ती हमी कशी तयार होते, ते या चित्रफितीत पाहू.

(दृश्य : चाचणी प्लॉट. एकसारखे लहान वाफे, प्रत्येकासमोर क्रमांकाची पाटी. तराजूवर हिरवा चारा.)

नाशिक जिल्हा येतो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात. आरएल ८८ हा बहुवर्षीय घासाचा वाण याच राहुरीचा. गुजरातमधल्या आणंदचा आणंद २ हा हंगामी वाण. नवा वाण आला की त्याला अशा जुन्या, पारखलेल्या वाणांच्या शेजारी पेरतात. चारा पिकांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आहे, त्याच्या केंद्रांवर वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या मातीत आणि हवामानात ही पेरणी होते. आधी प्राथमिक चाचणी, त्यातून तरले ते प्रगत चाचणीत.

मोजायचं काय? हिरवा चारा, वाळलेला चारा, प्रथिनं, पानं आणि देठाचं प्रमाण, मावा किती पडतो, मुळं कुजतात का. पण घासाची खरी परीक्षा घेतो पाऊस. काळ्या जमिनीत आषाढ-श्रावणात पाणी साचलं की बहुवर्षीय घासाची झाडं एकेक करून बसतात. हंगामी वाण पावसाआधीच आटोपतात, त्यांना ही भीती नाही. बहुवर्षीय वाणाचा निकाल म्हणून एका हंगामात लागत नाही. पहिल्या वर्षी सगळेच वाण देखणे दिसतात. तिसऱ्या वर्षी वाफ्यात झाडं किती उरली, ते मोजल्यावर कोण खरा ते कळतं. ज्या पैदासकाराला, म्हणजे नवा वाण घडवणाऱ्या संशोधकाला, घाई आहे त्याने ज्वारीकडे जावं, घासाच्या वाटेला जाऊ नये.

थंडीचंही तसंच. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो आणि घासाची वाढ मंदावते. अमेरिकेत यावर एक वेगळी मोजपट्टीच आहे. तिथे सप्टेंबरच्या सुरुवातीला झाड कापतात आणि ऑक्टोबरमध्ये ते किती उंच झालं ते मोजतात. त्यावरून वाणाला १ ते ११ मधला अंक मिळतो. १ म्हणजे थंडीची चाहूल लागताच झोपणारा वाण, ११ म्हणजे हिवाळ्यातही वाढत राहणारा. आपल्याकडे बर्फ नाही, झोपणारा वाण आपल्या गोठ्याला परवडणार नाही. आपल्याला वरच्या अंकांचेच वाण हवेत.

(दृश्य : वहीत नोंद करणारा हात. भिंगाखाली जांभळ्या फुलांच्या फिकट-गडद छटा.)

चारा भरपूर दिला, एवढ्यावर वाण ठरत नाही. तो आधीच्या वाणांपासून वेगळा ओळखू यायला हवा, त्यातली झाडं आपसात बऱ्यापैकी सारखी हवीत, आणि पिढीमागून पिढी तो तसाच राहायला हवा. वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थिरता. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात नोंदणीसाठी हीच कसोटी आहे. शेतपिकाच्या वाणाला त्यातून १५ वर्षांचं संरक्षण मिळतं.

गव्हात हे सोपं आहे. गहू स्वतःच्याच परागाने दाणा भरतो, त्याचं लेकरू त्याच्यासारखंच निघतं. घासाचं तसं नाही. त्याच्या पेशीत ३२ गुणसूत्रं, म्हणजे एकच संच चार वेळा. स्वतःच्याच परागाने बी धरायला लावलं तर पुढची पिढी खुरटते. म्हणून पैदासकार निवडक अशी बरीच झाडं एकत्र लावून त्यांचा आपसात संकर होऊ देतो, आणि त्या सगळ्यांच्या मिळून झालेल्या संततीला वाण म्हणतो. या वाणातलं प्रत्येक झाड शेजारच्यापेक्षा थोडं वेगळं असणारच. त्यामुळे एकसारखेपणा तपासताना नव्या वाणातला फरक जुन्या मान्य वाणातल्या फरकाशी ताडून पाहावा लागतो. नुसत्या डोळ्यांनी शेतात उभं राहून हा अमुक वाण, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मिळाला, तर त्याच्याकडे जरा संशयानेच पाहावं.

हे सगळं पार पडलं की राज्य किंवा केंद्राच्या समितीपुढे प्रस्ताव जातो, वाण प्रसारित होतो आणि राजपत्रात अधिसूचित होतो. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार अधिसूचित वाणाचंच बियाणं प्रमाणित करता येतं.

कागदावर वाण जन्माला आला. आता त्याचं बी हवं, आणि इथेच घास अडतो.

(दृश्य : फुलाचा अगदी जवळून घेतलेला, संथ गतीचा शॉट. माशी बसते. फूल झटक्यात उघडतं.)

हे फूल पाहा. खालच्या दोन जुळलेल्या पाकळ्यांच्या आत पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांची एक दांडी आहे, उंदराच्या सापळ्याच्या स्प्रिंगसारखी ताणून बसवलेली. माशी पाकळीवर बसली, तिचा भार पडला, की दांडी सुटते आणि माशीच्या तोंडावर आपटते. त्याच क्षणी आधीच्या फुलावरून आणलेला पराग स्त्रीकेसरावर जातो आणि इथला पराग माशीला चिकटतो. एकदा सुटलेली दांडी परत आत जात नाही. आणि जे फूल असं उघडलं नाही, त्याची शेंग जवळजवळ होतच नाही.

मधमाशीला हा तडाखा आवडत नाही. परागासाठी आलेली माशी फूल उघडते, पण मकरंदासाठी आलेली माशी दोन-चार तडाखे खाल्ल्यावर शहाणी होते. पाकळीच्या कडेने सोंड घालते, रस पिते आणि फूल बंदच ठेवून निघून जाते. शेतात पेट्या ठेवल्या, माशा घोंगावत आहेत, आणि शेंगा मात्र विरळ, असं होऊ शकतं ते यामुळे. उत्तर अमेरिकेत या कामाला पान कापणारी माशी पाळतात. ती एकटी राहते, पोळं करत नाही, पानाचे तुकडे कापून नळीत घर करते, आणि तडाख्याची तिला फिकीर नसते. वॉशिंग्टन राज्यात तर जमिनीत बीळ करून राहणाऱ्या दुसऱ्या एका माशीसाठी शेतकरी खास खारवट, ओलसर जमिनीचे वाफे राखतात. घासाच्या बियांसाठी तिथे माशीची शेती चालते, असं म्हटलं तरी चालेल.

पान कापणाऱ्या माशा आपल्याकडेही आहेत. गुलाबाच्या पानाला कडेने अर्धगोल कात्री लावलेली दिसली, तर ते तिचं काम. बांधावरची झुडपं, पोकळ काड्या, जुनी लाकडं ही तिची घरं. बांध जाळून साफ केला की तीही जाते.

(दृश्य : निफाड तालुका. कांद्याचे डोंगळे, पांढऱ्या गोंड्यांवर माशा.)

हे दृश्य नाशिकला ओळखीचं आहे. कांद्याचं उळं, म्हणजे बी, धरणारे शेतकरी फेब्रुवारी-मार्चमध्ये माशांची वाट पाहतात, फुलोऱ्यात फवारणी टाळतात, टाळता येत नसेल तर संध्याकाळी माशा परतल्यावर करतात. दुसऱ्या वाणाचा प्लॉट जवळ नको, हेही त्यांना सांगावं लागत नाही. घासाच्या बीजोत्पादनाला लागणारं अर्धं ज्ञान या जिल्ह्यात आधीच आहे, असं मला वाटतं. अडचण एकच, दोन्हींचा फुलोरा साधारण एकाच वेळी येतो, आणि जवळच डोंगळे फुललेले असतील तर माशा घासाकडे किती वळतील हा प्रश्न उरतो.

(दृश्य : तपासणी अधिकारी शेतात. हातात नोंदपत्र, पिशवीची जुनी खूणचिठ्ठी.)

राज्यात प्रमाणीकरणाचं काम करते महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा. मुख्यालय अकोल्याला. पहिली तपासणी कागदांची. बी कुठून आणलं? पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित, अशी उतरंड आहे. आधीच्या पायरीची खूणचिठ्ठी आणि पावती दाखवल्याशिवाय प्लॉट नोंदवला जात नाही. घासाचे दोन वाण बियांवरून ओळखता येत नाहीत, म्हणून इथे कागदाची साखळी फार महत्त्वाची. ती तुटली तर पुढच्या सगळ्या तपासण्या व्यर्थ.

मग अंतर. पायाभूत बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या वाणाच्या घासापासून ४०० मीटर लांब हवा, प्रमाणित बियाण्याचा १०० मीटर. माशीला हा नियम कुणी वाचून दाखवलेला नाही, ती त्याच्या कितीतरी पुढे उडते. पण अंतराने भेसळ कमी होते, हे नक्की. शिवाय इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. शेजाऱ्याचा घास चाऱ्यासाठी असतो, तो भर फुलोऱ्याच्या आधीच कापला जातो. धोका असतो तो पाणी तोडलेल्या, विसरलेल्या, बांधाच्या कडेला फुलून आलेल्या जुन्या वाफ्याचा. अधिकाऱ्यासोबत शिवारात चक्कर मारताना नजर तिकडे हवी.

शेतात येणं होतं फुलोऱ्याआधी आणि फुलोऱ्यात. भेसळ झाडं उपटायची. आणि अमरवेल शोधायची.

(दृश्य : हिरव्या घासावर पसरलेलं पिवळं जाळं.)

पान नाही, हिरवेपणा नाही. पिवळे दोरे घासाला वेढतात आणि त्याचा रस पितात. या वेलीचं बी घासाच्या बियाएवढंच बारीक, साध्या चाळणीतून दोन्ही सोबतच खाली पडतात. जमिनीत गेलं तर ते अनेक वर्षं जिवंत राहतं. आता हिशोब करा. घासाचे हजार दाणे भरतात साधारण २ ग्रॅम, म्हणजे एका किलोत ५ लाख दाणे. हेक्टरी २५ किलो बी पेरलं आणि किलोमागे अमरवेलीचा एकच दाणा असला, तरी शेतात २५ दाणे गेले. त्यातले चार उगवले तरी पुरे.

वेगळं काढायची युक्ती सुंदर आहे. घासाचा दाणा गुळगुळीत, अमरवेलीचा खरबरीत. मखमल लावलेल्या रुळांवरून बी सोडलं की खरबरीत दाणे मखमलीला अडकतात आणि गुळगुळीत घसरून जातात. दुसऱ्या पद्धतीत बियांना ओलावा देऊन बारीक लोहभुकटी लावतात. ती खरबरीत दाण्यालाच चिकटते, आणि मग चुंबक त्यांना ओढून घेतं. अशी यंत्रं गावोगाव नसतात. म्हणून शेतातच, फुलोऱ्याआधी, अमरवेल पडलेला पट्टा कापून जाळणं सगळ्यात स्वस्त.

(दृश्य : प्रयोगशाळा. ओल्या कागदावर ओळीने मांडलेले दाणे.)

मळणी झाली, बीजप्रक्रिया केंद्रावर सफाई झाली, नमुना प्रयोगशाळेत गेला. शुद्धता किमान ९८ टक्के, उगवण किमान ८० टक्के. उगवणीची शेवटची मोजणी दहाव्या दिवशी होते. त्या दिवशीही काही दाणे दगडासारखे कोरडे पडून असतात. ते मेलेले नाहीत, त्यांच्या सालीतून पाणी आत शिरलेलं नाही एवढंच. नियमात हे कडक दाणे उगवणीत धरले जातात. शेतकऱ्याच्या नजरेतून पाहिलं तर हा हिशोब थोडा उदारच आहे, कारण कडक दाणा कधी उगवेल ते तोच जाणे.

सगळं जुळलं की पिशवी शिवली जाते आणि खूणचिठ्ठी लागते. पैदासकार बियाण्याची सोनेरी पिवळी, पायाभूतची पांढरी, प्रमाणितची निळी. प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर हिरव्या चिठ्ठीचं सत्यतादर्शक बियाणंही विकू शकतो, आणि बाजारात ते भरपूर असतं. त्यात चांगलं बी नसतं असं नाही. पण शेतात जाऊन पाहणारा तिसरा माणूस त्यामागे नसतो.

(दृश्य : पुन्हा शेत. वळलेल्या, गोल गुंडाळलेल्या तपकिरी शेंगा.)

मग एवढी सगळी व्यवस्था असताना घासाचं प्रमाणित बी कमी का? कारण फेब्रुवारी. त्या महिन्यात कापणी थांबवायची, पाणी हळूहळू तोडायचं आणि एप्रिल-मेपर्यंत वाट पाहायची. हेक्टरी साधारण दोन-तीन क्विंटल बी, तेही माशा आल्या आणि अवकाळी पावसाने शेंगा भिजवल्या नाहीत तर. त्याच वेळी उन्हाळा तोंडावर, गोठ्यात हिरवा चारा नाही, आणि कापलेल्या घासाचे पैसे रोख. शेतकरी विळा उचलतो, त्यात त्याचं काही चुकत नाही.

म्हणून माझं मत असं, की नव्या वाणाच्या मूल्यमापनात बियांच्या उत्पादनाला आजच्यापेक्षा जास्त वजन मिळायला हवं. चाऱ्यात दहा टक्के सरस पण शेंगाच न धरणारा वाण राजपत्रात राहतो, शिवारात येत नाही. अमेरिकेत पैदासकाराला प्रस्तावातच लिहून द्यावं लागतं की बियाण्याच्या कोणत्या वर्गाचा प्लॉट किती वर्षं राखायचा. कारण थंड प्रदेशाच्या वाणाचं बी उष्ण कॅलिफोर्नियात पिढ्यान्‌पिढ्या धरलं, तर न झोपणारी झाडं जास्त बी देतात आणि वाण हळूहळू बदलतो. आपल्याकडे घरचंच बी घरीच पेरत राहणाऱ्यांनाही हा मुद्दा लागू आहे.

या ऑक्टोबरात घास पेरणार असाल तर दुकानात पिशवी बंद मागा. चिठ्ठीवर पीक, वाण, वर्ग, लॉट क्रमांक आणि तपासणीची तारीख असते. प्रमाणित बियाण्याची मुदत तपासणीपासून नऊ महिने. फेरतपासणीत टिकलं तर पुढे सहा महिने वाढते. तारीख उलटून गेली असेल तर पिशवी परत द्या. घेतलीत, तर पावती आणि चिठ्ठी जपून ठेवा, आणि थोडं बी पिशवीतच राहू द्या. उगवण कमी निघाली तर तक्रारीला तेच लागतं.