मांडीवरचा वाघ

[काळा पडदा. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज. मग एक फोटो.]

हा फोटो माझ्या मावशीचा. साल २०११. पांढरा कुर्ता, पाय दुमडून जमिनीवर बसलेली, आणि मांडीवर वाघाचं डोकं. खरा वाघ. भडक रंग घालू नका, वाघ बिथरतो, अशी सूचना आदल्या रात्रीच हॉटेलात मिळाली होती. ओढणी तर गेटवरच काढून ठेवायला लावली.

भीती नाही वाटली? मी विचारलं होतं. मावशी म्हणाली, "अरे, देवळातला वाघ तो. काय करतोय?"

हे 'देऊळ' थायलंडमधलं. बँकॉकपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर कांचनाबुरी प्रांत, तिथल्या साई योक भागातला बौद्ध मठ. नाव वाट फा लुआंग ता बुआ. जगाला तो माहीत झाला 'टायगर टेम्पल' म्हणून. थायलंडची सहल करणाऱ्या आपल्याकडच्या कित्येकांच्या घरी असा एखादा फोटो निघेल. या मठातला नसेल, तर पट्टाया किंवा फुकेतच्या एखाद्या वाघ-केंद्रातला.

[मठाचं प्रवेशद्वार. तिकिटांची रांग.]

मठ १९९४ मध्ये सुरू झाला. वाघाचं पहिलं पिल्लू आलं १९९९ मध्ये, गावकऱ्यांनी आणून दिलेलं. आई शिकाऱ्यांनी मारली, असं सांगितलं गेलं. ते पिल्लू फार जगलं नाही. पण मागोमाग आणखी आली, आणि भिक्षूंनी अनाथ वाघ सांभाळले ही गोष्ट पुस्तिकांतून, टीव्हीवरून सगळीकडे पसरली. गोष्ट छानच होती. मलाही आवडली असती.

तेव्हा प्रवेशाला ६०० बाट, म्हणजे थाई पैसे. आत गेलं की जुन्या खाणीसारखा एक खोलगट भाग, त्यात साखळीने बांधलेले वाघ दुपारच्या उन्हात आडवे पडलेले. मठाचा माणूस तुमचा हात धरून एकेका वाघापाशी नेणार, दुसरा तुमच्याच कॅमेऱ्याने फोटो काढणार. डोकं मांडीवर हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे. पहाटेच्या कार्यक्रमात पिल्लांना बाटलीने दूध पाजायचं, त्याचा दर आणखी चढा.

सगळी मेख त्या दुधाच्या बाटलीत आहे.

[पिल्लाचा क्लोज-अप. बाटली.]

जंगलात वाघीण पिल्लांना दीड-दोन वर्षं जवळ ठेवते. तोवर ती सहसा पुन्हा माजावर येत नाही. पण पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असतानाच उचलली, तर ती लवकर माजावर येते आणि थोड्याच महिन्यांत पुन्हा वितेही. म्हणजे पर्यटकांसाठी बाराही महिने पिल्लं हजर. गोठा सांभाळणाऱ्या कुणालाही हा हिशोब कागद-पेन न घेता कळेल.

आता पुढचा हिशोब. पिल्लू कुशीत घेण्यासारखं असतं ते काही महिने. वर्षभराचं झालं की तेच जनावर माणसाला लोळवू शकतं. पूर्ण वाढलेल्या वाघाला रोज पाच-सहा किलो मांस लागतं, आणि वाघ कैदेत पंधरा-वीस वर्षं जगतो. फोटोसाठी बांधून ठेवायला थोडे मोठे वाघ पुरतात. मग उरलेल्यांचं काय होतं?

पर्यटक हा प्रश्न विचारत नाही. तो पैसे देतो पिल्लाचे. मोठ्या वाघाचं गिऱ्हाईक दुसरंच असतं. चीन आणि व्हिएतनाममध्ये वाघाच्या हाडांची दारू आणि लेप यांना चोरटी मागणी आहे. चीनने १९९३ मध्ये हाडांच्या व्यापारावर बंदी घातली, तरी मागणी संपली नाही. एकच जनावर दोनदा विकता येतं, लहानपणी तिकिटावर आणि मोठेपणी वजनावर.

[जुनी कागदपत्रं. टाइप केलेली पानं.]

हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, असं नाही. २००८ मध्ये केअर फॉर द वाइल्ड इंटरनॅशनल या ब्रिटिश संस्थेने एक अहवाल काढला. मठात राहून आलेल्या लोकांनी २००५ पासून गोळा केलेली माहिती त्यात होती. लाओसमधल्या एका वाघ-फार्मशी वाघांची अदलाबदल होत असल्याचा आरोप होता. परवान्याशिवाय वाघ सीमेपार नेणं म्हणजे सायटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा थेट भंग. त्याच्या आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, हेगच्या बैठकीत सायटीसच्या सदस्य देशांनी ठरवलं होतं की वाघांच्या अवयवांच्या व्यापारासाठी वाघांची पैदास होता कामा नये.

अहवाल आला आणि पर्यटकांची रांग तशीच राहिली. माझी मावशी गेली ती त्यानंतर तीन वर्षांनी.

सिबेल फॉक्सक्रॉफ्ट ही ऑस्ट्रेलियन संशोधक २००७ मध्ये अभ्यासासाठी या मठात गेली होती. तिथे जे दिसलं ते तिने सोडलं नाही. तिच्या सी-फॉर-लाइफ या संस्थेचा अहवाल जानेवारी २०१६ मध्ये आला. त्यातला मुख्य भाग डिसेंबर २०१४ मधल्या घटनेचा. तीन प्रौढ नर वाघ मठातून नाहीसे झाले होते. तिघांच्याही अंगात सरकारी नोंदीच्या मायक्रोचिप होत्या. पुढे मठाच्या पशुवैद्याने नोकरी सोडली आणि तीन चिप अधिकाऱ्यांच्या हातावर ठेवल्या. वाघ गायब, चिप हजर. म्हणजे कुणीतरी त्या कापून काढल्या होत्या.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. सरकारी कागदावर वाघ म्हणजे तो दाणा.

[३० मे २०१६. गाड्या, पिंजरे, गुंगीच्या बंदुका.]

३० मे २०१६ ला थायलंडच्या वन्यजीव खात्याची माणसं न्यायालयाचा आदेश घेऊन आत शिरली. एकेका वाघाला गुंगी द्यायची, स्ट्रेचरवर घ्यायचं, पिंजऱ्यात ठेवायचं. हे काम आठवडाभर चाललं. १३७ वाघ बाहेर काढले. आधी हलवलेले दहा धरले तर १४७.

१ जूनला स्वयंपाकघराजवळचा फ्रीझर उघडला गेला. आत वाघाची चाळीस पिल्लं. मेलेली, गोठलेली, काही इतकी लहान की डोळेही उघडले नव्हते. नंतर काचेच्या बरण्यांत ठेवलेली आणखी सापडली. दुसऱ्याच दिवशी आवारातून बाहेर पडणारा एक ट्रक अडवला. त्यात एक भिक्षू, वाघाची दोन कातडी, सुळे आणि शेकडो ताईत.

मठाचं म्हणणं असं, की मेलेली पिल्लं आधी जाळली जात, २०१० पासून ती जपून ठेवायला लागले, पशुवैद्याच्या सल्ल्याने. विकली जात नाहीत याचा पुरावा राहावा म्हणून. या खुलाशावर काय बोलावं मला कळत नाही. ताईत कशाचा पुरावा होते, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

आणि ताइतांकडे बघून नाकं मुरडण्याआधी आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या दागिन्यांच्या डब्या आठवा. सोन्यात मढवलेलं वाघनख, बाळाच्या गळ्यात, दृष्ट लागू नये म्हणून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. तरी वाघनखांसकट माणसं पकडल्याच्या बातम्या विदर्भातून येतच असतात.

[संगणकाचा पडदा. पर्यटकांचे अभिप्राय सरकत जातात, पाच तारे, पाच तारे.]

एक प्रश्न मला छळत होता. इतकी माणसं डोळ्यांनी सगळं बघून आली, मग कुणालाच काही खटकलं कसं नाही? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये नेमकं हेच तपासलं. वन्यप्राणी दाखवणाऱ्या पर्यटनस्थळांचे २४ प्रकार त्यांनी घेतले: हत्तीची सवारी, डॉल्फिनचे खेळ, वाघासोबत फोटो, आणि खरोखरची अभयारण्यंही. प्राण्यांना त्रास होतो अशा ठिकाणी दरवर्षी २० ते ४० लाख पर्यटक पैसे देऊन जातात, असा त्यांचा अंदाज. आणि अशा ठिकाणांबद्दल ऑनलाइन लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कौतुकच केलं होतं.

यात क्रूरपणा नाही. मावशी क्रूर नाही, ती गल्लीतल्या मांजरांना दूध घालते. वाघ शांत पडलाय म्हणजे सुखात आहे, एवढंच तिला वाटलं. भगवी वस्त्रं दिसली की आपण खोदून विचारत नाही, हेही आहेच. तिकिटाचे पैसे तिने दान समजून दिले होते.

त्याच २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रिपअॅडव्हायजर या पर्यटन-संकेतस्थळाने वन्यप्राण्यांना हात लावता येतो अशा ठिकाणांची तिकिटं विकणं बंद केलं. पुढच्या वर्षअखेरीस इन्स्टाग्रामने अशा फोटोंच्या हॅशटॅगवर इशारा दाखवायला सुरुवात केली.

[जीपच्या रांगा. धूळ.]

आपल्याकडे वाघ मांडीवर घेत नाहीत. आपल्याकडे वाघोबा देव आहे. शेंदूर लावायचा, नारळ ठेवायचा आणि लांब राहायचं. निदान ज्यांच्या शेजारी तो खरोखर राहतो ती माणसं तरी असंच करतात. पण ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण तिच्या पाच पिल्लांसह रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी तिची वाट अडवली. मोबाइल वर, माणसं उभी. व्हिडिओ पसरला, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कुणी तिची शिकार करायला आलं नव्हतं. सगळ्यांना फक्त फोटो हवा होता.

[सरकारी पिंजरे. दुपार.]

कांचनाबुरीच्या वाघांना रत्चबुरी प्रांतातल्या दोन सरकारी केंद्रांत ठेवलं. जंगलात सोडणं शक्यच नव्हतं. शिकार शिकवायला आई नव्हती, आणि सगळे मोजक्या सहा वाघांचे वंशज. जवळच्या नात्यात पैदास होत गेली की शरीर आतून पोकळ होतं. घशाचे स्नायू लुळे पडायचे, श्वास अडायचा. त्यात डिस्टेंपर हा कुत्र्यांमधला विषाणूचा आजार पसरला. सप्टेंबर २०१९ मध्ये खात्याने आकडा सांगितला: १४७ पैकी ८६ मेले होते.

[पुन्हा तोच फोटो.]

वाघाचे पट्टे बोटांच्या ठशांसारखे असतात. दोन वाघांचे जुळत नाहीत. याच थायलंडमध्ये एकदा शिकाऱ्यांच्या मोबाइलमधला मेलेल्या वाघाचा फोटो संशोधकांनी जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांतल्या (कॅमेरा ट्रॅप) जुन्या फोटोतल्या वाघाशी पट्ट्यांवरून जुळला, आणि तो कोणत्या जंगलातला ते कळलं.

मावशीच्या फोटोत वाघाची डावी कूस पूर्ण दिसते. पट्टे स्पष्ट आहेत. खांद्यामागे दोन पट्टे एकत्र येऊन खाली फुटलेत, मराठी 'र' लिहावा तसे. ही फिल्म करताना तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ फोटो धरून बसली. मग म्हणाली, "ह्याचं नाव काय होतं, ते विचारलंच नाही मी."

स्कॅन करायला म्हणून मी फोटो घेऊन आलो. तिने अजून परत मागितलेला नाही.