मोरीपर्यंतची भिंत

(गिरणाकाठ, सकाळ. कापसाची गाठोडी, मग ओटा.)

भडगाव तालुक्यातलं गिरणेकाठचं हे गाव. दिवाळी झालीय, वेचणी जोरात आहे. चालती-फिरती माणसं शेतात गेली की गावात उरतात ती ओट्यावर बसलेली. आज त्यांना भेटायला समाजकार्य शिकणाऱ्या दोन मुली आल्यात. हातात प्रश्नांची वही, पिशवीत एक यंत्र.

प्रश्न त्यांच्या मनचे नाहीत. २०१७-१८ मध्ये उतारवयातल्या माणसांची 'लासी' नावाची मोठी पाहणी देशभर झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ७२ हजारांहून अधिक माणसांना गाठलं गेलं, बहुतेक पंचेचाळिशीपुढची. अंघोळ, कपडे, जेवण, अंथरुणातून उठणं, घरात चालणं, संडास. या सहा गोष्टी जमतात का, हे एकेक करून विचारलं. साठीपुढच्या साधारण चौघांतल्या एकाला यातलं एक तरी काम जड जातं, असं त्यात दिसलं. नुसतं "बरं आहे ना?" विचारलं असतं, तर हे कधी कळलं नसतं.

(यंत्र हातात. जवळून.)

हे पकड मोजायचं यंत्र. कोपर अंगाशी, हात काटकोनात, आणि जीव लावून दाबायचं. हा हात पाहा. बोंडाच्या टोकांनी बोटांवर पडलेले चरे, नखांत काळी माती. आजी कळण्याचं पीठ मळावं तसं यंत्र दाबतात. आधी उजवा, मग डावा. पकड सैल होत गेली की अंगातलं बळ किती ओसरलं, ते कळतं. मग अंगणात टेप लावून चार मीटर चालायचं, ओट्यापासून तुळशीपर्यंत. एक मुलगी घड्याळ धरते, दुसरी सोबत चालते, पण हात लावत नाही.

यंत्राचं काम झालं. आता वही.

"दैनंदिन कामे करताना आपणास अडचण येते का?"

आजी गप्प. उंबऱ्यातून सूनच सांगते, "काही नही, चांगल्या शेतस त्या."

सुनेचं काही चुकलं नाही. घर, शेत, सासू, सगळं तिच्याच अंगावर. नवरा सुरतला. तिला कोण विचारतं? पण उत्तर आजींचं हवं होतं. चाळीसगावकडची मुलगी वही मिटते, ओट्यावर सरकून बसते.

"माय, मोरीमा जावाले कोणी लागस का?"

"कोणी नही लागस. भीतले धरीसन जास."

"आन् रातले?"

"रातले नही जास."

मग हळूहळू निघतं. रात्री उठावं लागू नये म्हणून दिवस मावळला की आजी पाणीच पीत नाहीत. सूनसुद्धा हे पहिल्यांदा ऐकतेय. आम्हाला वाटतं, पाहणी खरी इथे सुरू झाली, माणसाच्या बोलीत, त्याच्याच तोंडून. पाणी कमी पडलं की लघवीची जळजळ, चक्कर, अंधारात तोल जाणं, मोडलेला खुबा.

मुलगी वहीत छापील प्रश्नाशेजारी पेन्सिलीने अहिराणीतला प्रश्न लिहून ठेवते. पुढच्या घरी तोच विचारायचा.

(घराच्या आत. मोरीकडे जाणारी भिंत.)

चुन्याच्या भिंतीवर कंबरेएवढ्या उंचीला एक काळपट, तुकतुकीत पट्टा आहे. खाटेपासून निघतो, मोरीच्या दारापाशी थांबतो.