कायद्यातच न बसणारं घर

मंडळी, आजचा विषय ‘झोनिंगचे नियम आणि परवडणारी घरं’ असा आहे. झोनिंग म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल, हे ठरवणारे नियम. त्याकडे येतोच. पण आधी एक खटला सांगू द्या, कारण तो सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलताच येत नाही.

अमेरिकेत ओहायो राज्यात, क्लीव्हलँडला लागून युक्लिड नावाचं गाव आहे. १९२२ साली गावानं ठराव करून जमिनीचे विभाग पाडले. इकडे फक्त एका कुटुंबाचं स्वतंत्र घर, पलीकडे दोन कुटुंबांचं, मग अपार्टमेंट, त्यापुढे कारखाने. अँबलर रिअल्टी या कंपनीची ६८ एकर जमीन त्यात सापडली. कंपनी कोर्टात गेली आणि खालच्या कोर्टात जिंकलीही. न्यायाधीश वेस्टनहेवर यांनी १९२४ च्या निकालात स्वच्छ लिहिलं, की या ठरावाचा शेवटचा परिणाम म्हणजे माणसांची त्यांच्या मिळकतीनुसार वर्गवारी करून त्यांना वेगळं बसवणं. मी हे वाक्य नेहमी सांगतो. पुढची शंभर वर्षं ज्यावर वाद चालला, ते या माणसाला पहिल्याच फटक्यात दिसलं होतं!

पण १९२६ साली सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरवला. न्यायमूर्ती सदरलंड यांनी लिहिलं, की बंगल्यांच्या वस्तीत अपार्टमेंटची इमारत अनेकदा निव्वळ बांडगूळ असते. आजूबाजूच्या मोकळ्या, देखण्या परिसराचा फायदा उपटायला ती बांधलेली असते. इथे बसलेल्यांपैकी फ्लॅटमध्ये कोण कोण राहतं? हात वर करा. बघा, जवळपास सगळेच! त्या निकालाप्रमाणे आपण बांडगुळात राहतो. तुम्ही हसताय, पण मला अजून संताप येतो. त्या इमारतीत कोण राहणार होतं? बंगला न परवडणारी माणसंच ना? त्यांच्याबद्दल निकालात सहानुभूतीचा शब्द नाही.

घराशेजारी धूर ओकणारा कारखाना नको, हे मलाही मान्य आहे. झोनिंगचं ते काम रास्तच आहे. पण त्याच नियमानं एका माणसाच्या घराशेजारी दुसऱ्या माणसाचं छोटं घरही नको, असं ठरवलं. १९१७ सालीच सुप्रीम कोर्टानं लुईव्हिल शहराचं वर्णावर आधारलेलं झोनिंग रद्द केलं होतं. वर्णाचं नाव घेता येईना, तेव्हा अनेक ठिकाणी भूखंडाचा आकारच तेवढा मोठा ठेवला, की गरीब आपोआप बाहेर.

हिशेब अगदी साधा आहे. एका भूखंडावर चार लहान घरं मावतात. नियम म्हणतो, एकच बांधा. जमिनीची जी किंमत चौघांत वाटली गेली असती, ती एकाच्या डोक्यावर बसते. वर किमान पार्किंगची अट. एका गाडीला आत-बाहेर करायच्या जागेसकट पंचवीस-तीस चौरस मीटर लागतात, म्हणजे एका छोट्या घराची जागा! तळघरात पार्किंग काढायचं तर खोदकाम आलं, रॅम्प आला, आणि गाडी वळावी म्हणून खांब कुठे यायचे तेही पार्किंगच ठरवतं. वरच्या खोल्यांची मापं त्या खांबांना धरून. हा खर्च घराच्या किमतीत मुरतो. ज्याच्याकडे गाडीच नाही, तोही तो भरतो. पार्किंगचे अभ्यासक, अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच कानीकपाळी ओरडून सांगितलं. म्हणून मी म्हणतो, स्वस्त घर बांधणारा कोणी नाही असं नाही. ते बांधायला परवानगीच नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग उपायांचं भराभर सांगतो.

ह्यूस्टननं १९९८ साली शहराच्या आतल्या भागात किमान भूखंड ५,००० चौरस फुटांवरून १,४०० पर्यंत खाली आणला. जिथे एक घर होतं तिथे तीन-तीन उभी राहिली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडनं २०१६ साली निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागात जास्त बांधकामाला मुभा दिली. काही वर्षांत बांधकाम परवानग्या दुपटीच्या आसपास गेल्या. जपानमध्ये झोनचे प्रकार देशपातळीवरच्या कायद्यानं ठरतात, त्यामुळे प्रत्येक गल्लीला आपापली भिंत घालता येत नाही. हा मुद्दा फार महत्त्वाचा, यावर खरं तर तासभर बोलायला हवं. कारण नियम स्थानिक पातळीवर ठरले, की सुनावणीला आधीपासून राहणारेच येतात. न बांधलेल्या घरात जो राहायला येणार होता, तो हरकत नोंदवायला येणार कुठून? त्याचं मतही त्या गावात नसतं. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं १९७५ च्या माउंट लॉरेल निकालात हेच ओळखलं: आसपासच्या प्रदेशाला लागणाऱ्या स्वस्त घरांतला आपला वाटा प्रत्येक विकसनशील गावानं उचलायला हवा.

नियम सैल केले की सगळ्यांना घर मिळेल, असं मी म्हणत नाही. अगदी कमी मिळकतीच्या माणसाला सरकारी मदत लागणारच. पण मदतीची घरंसुद्धा याच भूखंडाच्या आणि पार्किंगच्या अटींत बांधावी लागत असतील, तर तेवढ्याच पैशांत घरं कमी होतात.

थांबतो. मागच्या बाईंनी मघापासून हात वर केलाय, पहिला प्रश्न त्यांचा.