कोशर एकट्याला जमत नाही

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, टेंभी नाक्याच्या परिसरात 'शार हाशमायिम' हे सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, 1879 पासून उभं आहे. इथं बसलेल्या बऱ्याच जणांची रिक्षा त्याच्यावरून कितीदा तरी गेली असेल. आज मी त्या वास्तूबद्दल बोलणार नाही. तिथं प्रार्थनेला येणाऱ्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी, घरांत काय शिजतं, कसं शिजतं, हा माझा विषय. कोशर म्हणजे यहुद्यांनी काय खावं नि काय खाऊ नये याची यादी, अशी आपली समजूत. यादी एका संध्याकाळीत पाठ होते. पाळायला मात्र माणसं लागतात, आणि गेल्या पाऊणशे वर्षांत कमी झाली ती नेमकी माणसंच.

यादी उरकून घेतो. डुक्कर वर्ज्य. मासा पर आणि खवले असलेला हवा. म्हणजे रावस, बांगडा चालतो. कोलंबी, खेकडा, तिसऱ्या, मोरी चालत नाही. कोकणात राहून कोलंबी सोडायची, ही काही साधी गोष्ट नव्हे! मटणाच्या जेवणात दूध, दही, तूप नाही. आणि रक्त पोटात जाता कामा नये.

दावीद रहाबीची गोष्ट या समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कुलाबा जिल्ह्यातले हे 'शनिवार तेली', म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, खरोखर यहुदी आहेत का, हे बाहेरून आलेल्या रहाबीला पारखायचं होतं. त्यानं बायकांपुढे नाना जातींचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले. हे आमच्यात खात नाहीत म्हणाल्या. रहाबी नेमका कोणत्या शतकातला, यावर अभ्यासक अजून भांडतात. ते भांडोत. धर्माची परीक्षा इथं चुलीपाशी झाली आणि ती बायका पास झाल्या, एवढं मला पुरे आहे. जवळ ग्रंथ नाही, रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, पण निवडायचं काय ते हाताला ठाऊक होतं.

मासा असा हातानं निवडता येतो, मटणाचं तसं नाही. जनावर शिकलेल्या माणसानंच कापावं लागतं. आपल्याकडे हे काम बहुधा हझान करायचा. प्रार्थनाही तोच चालवायचा. कापण्याआधी तो सुरीची धार नखावरून फिरवून बघतो. केसाएवढी खाच लागली तरी ती सुरी बाद. गळा सलग ओढीत कापला गेला पाहिजे, मध्ये थांबायचं नाही, दाबायचं नाही. मग फुप्फुसं तपासायची. कोंबडी असेल तर सांडलेल्या रक्तावर माती किंवा राख टाकायची. पुढचं काम घरातल्या बाईचं. मटण अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मीठ चोळून तासभर उतरत्या फळीवर निथळत ठेवायचं, मग तीन पाण्यांनी धुवायचं. कलेजीत रक्त फार, म्हणून ती मिठानं भागत नाही, विस्तवावर भाजावी लागते. एवढं झाल्यावर फोडणी!

आता हिशेब बघा. हझानाचं पोट भरायला घरं किती हवीत? 1948 नंतर इस्रायलला जाणं सुरू झालं आणि वीसेक हजारांचा समाज भारतात चार-पाच हजारांच्या घरात आला. दिमोना, अश्दोद, लोद, रामले या गावांत मराठी बोलणारी घरं झाली. इकडे रेवदंडा, पेण अशा ठिकाणी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर बऱ्याचदा बाहेरून माणसं यावी लागतात. ठाण्यात तुलनेनं बरं आहे, मुंबईतली घरं परवडेनात तशी बरीच कुटुंबं इकडे सरकली. तरीही हझानानं कापलेलं मटण म्हणजे वार बघून, चार घरांची मागणी एकत्र करून आणायची वस्तू. एकटं घर कितीही भाविक असलं तरी इथं अडतं. म्हणून बाहेर जेवताना अनेक जण सरळ शाकाहारी ताट मागवतात. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही कामाला येतो. तो काही रब्बीचा शिक्का नव्हे, पण जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होणाऱ्या जिलेटिनची धास्ती तरी मिटते.

घरच्या स्वयंपाकात मात्र कोकणानं मोठीच सोय करून ठेवली होती. मटणात दूध-दही चालत नाही? नारळाचा रस आहे! रस्सा दाट होतो, नियम मोडत नाही. यहुदी नव्या वर्षाला गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध तासन् तास आटवून हलवा करतात; ढवळायला घरातले सगळे पाळीपाळीनं बसतात. दुधाचा थेंब नसल्यानं तो मटणाच्या जेवणावरही खाता येतो. यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या स्मरणाचा जो उपास, त्याचं नावच इकडे 'बिरड्याचा'. तो सोडायला चक्क वालाचं बिरडं. शुक्रवारी संध्याकाळी द्राक्षारसाचा आशीर्वाद म्हणायचा, तर काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या आणि त्या शरबतावर म्हणायचा. जगभरच्या यहुद्यांकडे नसलेला मलिदाही इथलाच: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नावी या प्रेषिताचं नाव. नवस फेडायचा असो की नवं घर, मलिदा हवाच. त्यात मांस नाही, दूध नाही, म्हणून हझानाची सुरी लागत नाही. पण मलिद्याला माणसं बोलवावी लागतात, एकट्यानं खायचा तो पदार्थच नव्हे.

एक गंमत सांगतो. महाराष्ट्रातल्या मसाल्यांच्या आणि खाद्यपदार्थांच्या कितीतरी कारखान्यांत आज कोशरचं प्रमाणपत्र आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला ते लागतं, म्हणून तपासनीस येतात, टाक्या बघतात, कच्च्या मालाची यादी मागतात. हळदीच्या पोत्यावर शिक्का बसतो आणि पोतं जहाजात चढतं. महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, ते चांगलंच झालं. पण ठाण्यातल्या बाईला हळदीवर शिक्का नकोच आहे, हळद ती बाजारातून आणतेच. तिची चौकशी वेगळी असते: या आठवड्यात कापायला कोण येणार आहे, आणि किती घरांनी मटण सांगितलंय?