कोणती गोळी, हे ठरवणार कोण?

[दृश्य : निफाड तालुका, डिसेंबरची पहाट. द्राक्षबागेवर उतरलेले धुके. एका घराच्या स्वयंपाकघरात लागलेला दिवा.]

डिसेंबरात निफाडची थंडी अंगात शिरते, तेव्हा पहाटे उठणे कोणालाच सोपे नसते. या घरातल्या मावशींना ते आणखी एका कारणाने अवघड जाते. जाग येते तेव्हा त्यांच्या हातांची बोटे मिटत नाहीत. चहाचा कप त्या दोन्ही तळव्यांत धरतात, कारण कानात बोट अडकवून तो उचलता येत नाही; वेणी घालायला सून मदत करते. बाहेर टेम्पो थांबतो, गल्लीतल्या बायका थिनिंगला निघतात, आणि मावशी दारातून पाहत राहतात. घडात दाटीने लागलेले मणी बारीक कात्रीने काढून उरलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची, असे हे काम आहे. दिवसभर ती कात्री चालवायची तर अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे धड असावी लागतात, आणि हा आजार बहुतेकदा बोटांच्या मुळांशी आणि मधल्या पेरांशीच सुरू होतो.

डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्याला आपल्याकडे कोणी संधिवात म्हणते, कोणी आमवात. वय झाल्यावर गुडघे झिजतात, तो आजार वेगळा. इथे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजते, जाड होते, आणि वेळीच आवर घातला नाही तर शेजारचे हाड व कूर्चा कुरतडू लागते. पुरुषांच्या मानाने बायकांमध्ये हा आजार दोन ते तीन पट अधिक आढळतो, आणि तोही ऐन कामाच्या वयात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली. त्या पाहणीत प्रौढांमध्ये या आजाराचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. अर्धा टक्का हा आकडा कागदावर लहान दिसतो, पण दोन हजार प्रौढ माणसांच्या गावात त्याचा अर्थ दहा घरे असा होतो.

[दृश्य : नाशिक शहर, सकाळ. एका रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. बाकावर बसलेली माणसे, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत जुने रिपोर्ट.]

मावशी आज नाशिकला आल्या आहेत, त्या नेहमीच्या तपासणीसाठी नव्हे. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका वैद्यकीय अभ्यासाविषयी सांगितले आहे, आणि त्यात सहभागी व्हायचे की नाही, हे त्यांना ठरवायचे आहे. समोर बसलेल्या समन्वयक ताईंनी मराठीत छापलेली अनेक पानांची माहितीपत्रिका उघडली आहे. एका पानावर मावशी त्यांना थांबवतात.

“म्हणजे मला नवी गोळी मिळेल का जुनी, ते डॉक्टरसाहेब ठरवणार ना?”

“नाही, मावशी. ते संगणक ठरवणार, चिठ्ठी टाकल्यासारखे. तुम्हाला कोणती गोळी मिळाली, हे अभ्यास संपेपर्यंत तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही.”

मावशी काही वेळ गप्प राहतात. हा लघुपट त्या गप्प राहण्याविषयी आहे.

आजवर त्यांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती, आणि ती अगदी स्वाभाविक होती : डॉक्टर माझ्याकडे पाहतात, माझा विचार करतात आणि माझ्यासाठी औषध निवडतात. उपचार म्हणजे हेच. अभ्यासात मात्र डॉक्टरांनी ती निवड स्वतःहून चिठ्ठीच्या हवाली केलेली असते. त्यांची काळजी तितकीच खरी असते, तपासण्या तर नेहमीपेक्षा अधिक बारकाईने होतात. पण अभ्यासाचा पहिला हेतू पुढे येणाऱ्या रुग्णांसाठी उत्तर शोधणे हा असतो, समोर बसलेल्या एका रुग्णाला बरे करणे हा नसतो. हा फरक स्पष्ट न सांगता घेतलेली सही आम्हाला अपुरी वाटते, मग कागदपत्रे कितीही चोख असोत.

तरीही चिठ्ठी लागतेच, आणि ती का लागते याचे कारण या आजाराच्या स्वभावात आहे. हा आजार भरती-ओहोटीसारखा चालतो. माणूस डॉक्टरांकडे, वैद्यांकडे किंवा कोणी सांगितलेल्या पुडीकडे वळतो तो सगळ्यात वाईट दिवसांत; आणि सगळ्यात वाईट दिवसांनंतर, काहीही केले नाही तरी, थोडे बरे दिवस पुष्कळदा येतात. पौषात हात धरून बसलेली बाई चैत्रात पोळ्या लाटू लागली, तर मधल्या काळात तिने जे काही घेतले त्याचा गुण आला असे घरादाराला वाटते. तिचा अनुभव खोटा नसतो. मात्र तो गुण औषधाचा की ओहोटीचा, हे एकट्या तिच्याकडे पाहून कोणालाच सांगता येत नाही, मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरांनाही नाही. त्यासाठी तिच्यासारख्याच रुग्णांचा दुसरा गट लागतो, आणि कोणी कोणत्या गटात जायचे हे कोणाच्याही इच्छेवर सोडून चालत नाही.

[दृश्य : काळ्या-पांढऱ्या रंगातील जुन्या रुग्णालयाचे रेखाचित्र.]

ही शिकवण वैद्यकशास्त्राला सहज मिळालेली नाही. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या 29 वर्षांच्या एका स्त्रीला पुढे कॉर्टिसोन म्हणून ओळखले गेलेले द्रव्य टोचले, आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. पाहणारे थक्क झाले. 1950 साली हेंच यांना एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पण औषध दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत दिले गेले तेव्हा चेहऱ्यावर सूज, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर आणि जंतुसंसर्ग असे सगळे मागोमाग आले. 1954 साली ब्रिटनमध्ये आजार नुकताच सुरू झालेल्या 61 रुग्णांवर कॉर्टिसोन आणि साधे ॲस्पिरिन यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा वर्षअखेर दोन्ही गटांत फारसे अंतर उरलेले नव्हते. स्टेरॉईडला आजही उपचारात स्थान आहे, पण कमी मात्रेत, थोड्या काळासाठी आणि देखरेखीखाली. ज्या बिनलेबलाच्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडतो, त्यांत स्टेरॉईड मिसळलेले आढळल्याच्या नोंदी आहेत, हे इथे सांगितलेच पाहिजे.

मावशी आज जी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घेतात, तिची गोष्ट याच्या उलट आहे. तिच्यामुळे कोणी दोन दिवसांत उठून चालू लागले नाही. तिचा परिणाम दिसायला आठवडेच्या आठवडे जातात. म्हणूनच ती उपयोगी आहे हे चमत्काराने कळण्यासारखे नव्हते, ते मोजूनच कळायचे होते. 1985 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 24 आठवड्यांच्या अभ्यासात त्याच रुग्णांना एक काळ मेथोट्रेक्सेट आणि एक काळ तिच्यासारखी दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली, आणि फरक उघड झाला. 1988 साली अमेरिकेत तिला या आजारासाठी मान्यता मिळाली. आज जगभर या आजाराचा उपचार बहुधा तिच्यापासूनच सुरू होतो.

पुढचे पाऊल लंडनमध्ये पडले. मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी सांध्यांतली जळजळ पेटती ठेवणारा टीएनएफ हा रेणू हेरला आणि त्याला अडवणारे औषध रुग्णांना देऊन पाहिले. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 73 रुग्ण होते. औषधाविना केवळ तसेच दिसणारे इंजेक्शन मिळालेल्या 24 जणांपैकी चार आठवड्यांनी दोघांना ठरलेल्या मापाइतका आराम पडला होता. मोठी मात्रा मिळालेल्या 24 जणांपैकी 19 जणांना. या दोन आकड्यांमध्ये आजच्या बायोलॉजिक औषधांचा, म्हणजे जिवंत पेशींच्या मदतीने बनवलेल्या औषधांचा, पाया आहे. आम्हाला मात्र त्यातले ते पहिले 24 जण अधिक आठवत राहतात. दुखणे त्यांचेही तेवढेच होते, आणि त्यांच्यावाचून दुसऱ्या आकड्याला काहीच अर्थ आला नसता.

औषध बाजारात आले म्हणजे प्रश्न संपले, असेही होत नाही. 2001 साली याच औषधानंतर क्षयरोग झालेल्या 70 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, कारण शरीरात निजलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही टीएनएफच करतो. आपल्याकडे क्षय किती घरांत येऊन गेला आहे, हे वेगळे सांगायला नको. असे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी का करतात, याचे उत्तर त्या नोंदीत आहे. पुढे टोफासिटिनिब ही गोळी आली. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या 4362 रुग्णांवर तिचा दीर्घकाळ अभ्यास झाला, त्यात टीएनएफ रोखणाऱ्या औषधांच्या तुलनेत हृदयविकार आणि कर्करोगाचा धोका अधिक दिसला, आणि 2021 साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या वर्गातल्या गोळ्यांवर कडक इशारा छापायला लावला.

[दृश्य : तपासणीची खोली. डॉक्टर मावशींच्या बोटांचे सांधे एकेक करून दाबून पाहत आहेत. शेजारी आकृती असलेला कागद.]

आता मोजतात तरी काय, ते पाहू. डॉक्टर 28 सांधे तपासतात : दोन्ही हातांच्या बोटांचे वीस, दोन मनगटे, दोन कोपर, दोन खांदे आणि दोन गुडघे. किती सुजले आहेत, किती दाबल्यावर दुखतात, हे लिहून घेतात. रक्तातली जळजळ मोजतात. आणि रुग्णाला एका रेषेवर खूण करायला सांगतात, की गेल्या आठवड्यात आजाराचा त्रास किती होता. ही खूण रुग्णाशिवाय कोणी करू शकत नाही, आणि अंतिम हिशोबात ती धरली जाते. पूर्वी मात्र काय मोजायचे हे फक्त तज्ज्ञ ठरवीत. 2002 साली ऑस्ट्रेलियात भरलेल्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय बैठकीत प्रथमच रुग्णांना बसवले गेले, आणि त्यांनी सांगितलेली गोष्ट तोवरच्या मुख्य मापांत नव्हतीच : थकवा. झोप झाली तरी न जाणारा थकवा. नंतरच्या वर्षांत तो या आजाराच्या अभ्यासांत मोजावा अशी शिफारस झाली. निफाडच्या मावशींनी हे ऐकले तेव्हा त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, “बघ, मी सांगत होते.”

[दृश्य : म्हसरूळ, दिंडोरी रस्ता. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे प्रवेशद्वार.]

राज्यातल्या वैद्यकीय आणि आयुर्वेद महाविद्यालयांना जोडणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून याच शहरात आहे, आणि इथल्या अनेक घरांत आमवातासाठी आधी वैद्यांकडे जाण्याची रीत आहे. तेव्हा आयुर्वेदाच्या औषधांना ही चिठ्ठीची कसोटी लावता येते का, हा प्रश्न नाशिककरांनी विचारणे रास्तच ठरते. ती लावली गेली आहे. कोइमतूर येथे झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 43 रुग्णांचे तीन गट करून आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र यांची 36 आठवडे तुलना झाली, आणि कोण काय घेत आहे हे रुग्णांना आणि डॉक्टरांनाही कळणार नाही अशी व्यवस्था करण्यात आली. तिन्ही गटांत आराम जवळपास सारखा दिसला. एवढ्या थोड्या रुग्णांवरून निकाल देता येत नाही; तो अभ्यास प्राथमिकच होता. पण असा प्रश्न भांडणाने न सोडवता मोजून सोडवता येतो, हे त्याने दाखवले.

मावशींच्या हातात जो कागद आहे त्यामागे आता कायद्याचे बळ आहे. देशातला प्रत्येक औषध-अभ्यास सुरू होण्याआधी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदवावा लागतो. ही नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली आणि 2009 पासून औषध नियामकाने ती सक्तीची केली. अभ्यास कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात चालू आहे, हे तिच्यात कोणीही पाहू शकते. 2019 च्या नियमांनुसार किमान सात सदस्यांच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागी रुग्णांचे हित जपले जाते ना हे पाहणाऱ्या समितीची, मान्यता लागते, आणि त्या सदस्यांत कायदा जाणणारी व्यक्ती, एक स्त्री आणि वैद्यकाबाहेरची एक सामान्य व्यक्ती असावी लागते. गंभीर त्रास झाला तर अभ्यासाच्या डॉक्टरांनी 24 तासांत कळवायचे असते, उपचार मोफत द्यायचे असतात, आणि तो त्रास अभ्यासामुळे झाल्याचे ठरले तर भरपाई द्यायची असते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासमोर सगळा कागद वाचून दाखवताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. आणि सहभागी माणूस कोणत्याही दिवशी, कारण न देता, बाहेर पडू शकतो. त्याचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत.

नियम इथवर पोहोचतात. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून नाशिकला यायला एक अख्खा दिवस जातो, प्रवासखर्च मिळाला तरी रोज बुडतो, आणि सोबत येणाऱ्या नवऱ्याचा किंवा मुलाचाही बुडतो, इथे ते पोहोचत नाहीत. ज्या बायकांचे हात या आजाराने सर्वाधिक अडवले आहेत, त्यांच्यापर्यंत अभ्यासाची चौकशीही बहुधा जात नाही, आणि मग त्यांना पुढे दिली जाणारी औषधे दुसऱ्याच कोणावर तपासलेली असतात. आम्हाला ही गोष्ट सलते.

[दृश्य : आठ दिवसांनंतर. तीच खोली. मावशी आणि त्यांचा नातू.]

मावशींनी त्या दिवशी सही केली नव्हती. समन्वयक ताईंनीच कागद घरी न्यायला सांगितला होता. आज नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांचे प्रश्न लिहून आणले आहेत. माझी मेथोट्रेक्सेट चालू राहील ना? राहील, या अभ्यासात दोन्ही गटांना ती मिळणार आहे. बारा आठवड्यांत आराम पडला नाही तर? तर दुसरे औषध देण्याची सोय आराखड्यात आहे; ताईंनी ते पान काढून दाखवले. तिसरा प्रश्न नातवाने वाचला : नवी गोळी मला लागू पडली, आणि अभ्यास संपला, तर ती पुढे मिळत राहील का?

ताईंनी पत्रिका चाळली. नियमांत तशी तरतूद आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. डॉक्टरांनी शिफारस करावी लागते आणि एथिक्स कमिटीने मान्यता द्यावी लागते. “मावशी, हे मी डॉक्टरांना तुमच्यासमोरच विचारते,” असे म्हणून त्या उठल्या. मावशींनी वही मिटली नाही.